दिवेलागणीचा नियम

आमच्या खात्यात एखादी गोष्ट नको असेल तर कोणी 'नको' म्हणत नाही, 'पुन्हा अभ्यास करा' म्हणतात. पठारावरच्या लाइनचा मी इतक्यांदा पुन्हा अभ्यास केला आहे, की तेवढ्या अभ्यासात एखादीने डॉक्टर होऊन दवाखाना थाटला असता.

मी नियोजन विभागात आहे. विजेच्या मोठ्या लाइन कुठून कुठे न्यायच्या हे आधी कागदावर ठरवायचे, हे माझे काम. पठाराचे प्रकरण तसे कोणालाही कळेल इतके सोपे आहे. शहरापासून दूर एक उघडे पठार आहे. तिथे ऊन आहे आणि दुपारचा वारा आहे, बाकी दगड. गेल्या काही वर्षांत तिथे सौर पॅनल बसले, पवनचक्क्या आल्या. वीज भरपूर होते, पण ती शहराकडे आणणारी लाइन एकच, आणि तीही पठारावर चार वस्त्या होत्या तेव्हाची. दुपारी ती भरते. भरली की कंट्रोल रूममधून फोन जातो आणि चांगल्या चालत्या पवनचक्क्या थांबवाव्या लागतात. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला कोळसा जाळून वीज करणे चालूच असते. हे मी कोणालाही सांगितले की तो म्हणतो, मग दुसरी लाइन टाका की. अरे बाबा, मी दुसरे काय म्हणते आहे?

घोडे अडते ते एका नियमापाशी. नवी लाइन हवी की नको हे ठरवताना आमच्याकडे दिवसातली एकच वेळ बघतात, ती म्हणजे दिवेलागणीची. घरोघरी दिवे लागतात, दुकाने उजळतात, सगळे एकदम वीज ओढतात, तेव्हा जुन्या लाइन पुरतात का? पुरत असतील तर नवी लाइन नको. आता दिवेलागणीला पठारावर ऊन कुठून असणार? तिथला वाराही संध्याकाळी पडतो. म्हणजे ज्या वेळी लाइन रिकामी असते नेमकी तीच वेळ बघायची आणि म्हणायचे, पाहा, रिकामी आहे. दुपारी तिचा जीव जातो ते कोणी बघायचे नाही, कारण दुपार नियमात नाही.

या खेपेला मात्र पुन्हा अभ्यास परवडणार नव्हता. पठारावरून लाइन शहरात शिरेल अशी एकच जागा उरली आहे. दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या आहेत, बाल्कन्यांत कपडे वाळत असतात, आणि मधून गवताचा एक लांब पट्टा जातो. तो नगररचना खात्याने आमच्यासाठी राखून ठेवला होता. त्यांनी आता स्पष्ट कळवले होते, की समितीच्या या बैठकीत लाइन मंजूर करा, नाहीतर पट्टा सोडा, आम्ही तिथे घरे बांधू. आणि एकदा घरे झाली की संपले. घरांवरून एवढी मोठी लाइन नेता येत नाही.

बैठकीच्या आधी मी समितीच्या अध्यक्षांना त्यांच्या खोलीत गाठले. त्यांच्या टेबलावर विजेच्या टॉवरचे वीतभर उंचीचे पितळी मॉडेल असते, बोलताना ते त्याच्यावरून बोट फिरवतात.

"मॅडम, दिवेलागणीला लाइन रिकामी दिसतेय," ते म्हणाले. "जुनीच रिकामी असताना नव्या लाइनला मी मंजुरी कशी देऊ?"

"साहेब, पुढचं पान बघा. दुपारचं."

"दुपारचं पान नियमात बसत नाही."

"नियम बदलता येतो ना?"

त्यांनी बोट थांबवले. घरातली भांडी विकायला काढा, असे काहीतरी त्यांना ऐकू आले असावे.

"तुम्ही हे म्हणावं?" ते म्हणाले. "निदान तुम्ही तरी? मोठ्या साहेबांना काय वाटेल?"

मोठे साहेब म्हणजे माझे वडील.

दिवेलागणीचा नियम त्यांचाच. ते नियोजन विभागाचे प्रमुख होते तेव्हा आजचे अध्यक्ष त्यांच्या हाताखाली नवे लागले होते आणि त्यांची बॅग उचलून मागे मागे फिरत. बाबा निवृत्त झाले, पण खात्यात अजून त्यांची री ओढली जाते. मी नोकरीला लागले तेव्हा 'वडिलांच्या वशिल्याने आली' असे लोक बोलले. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता, की कामाबाबत बाबांकडे कधी शब्द टाकायचा नाही. आणि बाबांनीही आपण होऊन माझे काम कधी बघायला मागितले नव्हते. जेवताना मी लाइनचे रडगाणे सुरू केले की ते एकच वाक्य म्हणायचे, "तुला मांडता येत नाही." वर्षानुवर्षे एकच. आमटीत मीठ कमी आहे म्हणावे इतक्या सहज.

त्या दिवशी मी घरी आले ती धुमसतच. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्राची घडी घालत होते. आई बाथरूमच्या दारात उभी राहून आतल्या गेलेल्या दिव्याकडे बघत होती.

"बाबा, तुमचा नियम चुकीचा आहे," मी चपला काढता काढता म्हणाले.

"कोणता?"

"तुमचा एकच तर आहे."

"त्या नियमाला हात लावू नकोस," बाबा शांतपणे म्हणाले. "मी होतो तोवर या भागात दिवेलागणीला कधी अंधार झाला नाही."

"अंधाराचा प्रश्नच नाहीये आता. दुपारी वीज जास्त होते आणि ती आपण फेकून देतो. पट्टा हातचा गेला तर पुढे शंभर वर्षं फेकत राहू."

"मग हे समितीला सांग."

"सांगितलं. दर वेळी सांगते."

"म्हणजे तुला मांडता येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तुम्ही मांडा," मी म्हणाले. "एकदा येऊन मांडूनच दाखवा. तुमचं तर ऐकतील ना?"

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. "न बघता मी कधी कशावर बोललो नाही. आधी पठार दाखव."

"घरातला एक दिवा लागत नाही," आई बाथरूमच्या दारातून म्हणाली, "आणि हे दोघं गावाला लाइन टाकायला निघालेत."

पठारावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते आणि वाऱ्याने गाडीचे दार उघडेना. मी जोर लावून दार लोटले, बाबांचा हात धरून त्यांना सबस्टेशनच्या फाटकापर्यंत नेले. आत लहानशी खोली, भिंतीवर मीटर, टेबलावर फोन, कोपऱ्यात पाण्याचा माठ. ऑपरेटर माझ्या ओळखीचा आहे. जाडजूड, घामाघूम, बोलायला कोणी मिळाले की सोडत नाही असा. मोठे साहेब म्हटल्यावर त्याने आपली खुर्ची रुमालाने पुसून पुढे केली.

बाबा बसले नाहीत. ते खिडकीपाशी उभे राहिले. बाहेर पवनचक्क्यांची रांग होती, पाती गरगर फिरत होती, आणि पॅनलच्या रांगा इतक्या चमकत होत्या की बाबांनी डोळ्यांवर हात धरला.

"हे सगळं चालू आहे?" त्यांनी विचारले.

"आत्तापर्यंत आहे," ऑपरेटर म्हणाला. "आता फोन येईल बघा, वेळ झाली."

फोन आला. ऑपरेटरने 'हो, हो, बरं' केले, एका कागदावर काही लिहिले आणि मग दुसऱ्या फोनवरून एकेकाला सांगत सुटला, तुमचे थांबवा, तुमचे निम्मे करा, नाही साहेब, माझ्या हातात काही नाही, वरून सांगितलंय. एक जण पलीकडून बराच वेळ ओरडत होता. ऑपरेटरने फोन कानापासून लांब धरला आणि तो दमेपर्यंत माठातले पाणी प्यायला.

खिडकीबाहेर एकेक पवनचक्की मंद होऊ लागली. वारा तसाच होता, त्याने खिडकीची काच वाजत होती. पण पाती वळली, हळू झाली आणि थांबली. पॅनल मात्र तसेच चमकत राहिले, त्यांचे थांबणे बाहेरून दिसत नाही.

बाबांनी उभी हयात विजेच्या टंचाईत काढली आहे. आमच्या घरात आजही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मागचा दिवा न मालवता गेले तर बोलणी बसतात. त्या माणसाला मी भर वाऱ्यात थांबलेली पाती बघताना बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कोणी ठरवलं हे?" ते ऑपरेटरवर डाफरले. "चांगली वीज नको म्हणायचं, हे कोणी ठरवलं?"

ऑपरेटरने माझ्याकडे बघितले.

"तुम्ही, बाबा," मी म्हणाले.

मला वाटले होते, हे म्हणताना बरे वाटेल. वाटले नाही.

परत येताना पठाराचा घाट उतरल्यावर बाबा एकदम म्हणाले, "दिवेलागण का निवडली माहीत आहे?"

"सगळ्यात जास्त वीज तेव्हा लागते म्हणून."

"ते नंतर लोकांनी चिकटवलं. आपल्याकडे तेव्हा गणित करायला मशीनच नव्हतं. पगाराचे हिशेब करणाऱ्या विभागाकडे होतं. त्यांचे पगार काढून झाले की ते आम्हाला एक खेप द्यायचे. एका खेपेत दिवसातली एकच वेळ मोजून व्हायची. मग कोणती तरी एक घ्यायची तर दिवेलागणीची घेऊ, असं मी म्हटलं. दुसरी खेप मिळाली असती तर दुपारही घेतली असती."

मी गाडी कडेला घेतली. "म्हणजे नियम नव्हताच तो?"

"सोय होती," बाबा म्हणाले. "तेवढ्यापुरती."

"आणि हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"मला कोणी विचारलं? आणि म्हणता म्हणता मलाही तो नियमच वाटायला लागला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या सांगतो ना. मीच सांगितल्यावर प्रश्न मिटला."

मलाही तसेच वाटले. खरे सांगते, त्या दिवशी मी घरी येऊन बाथरूमचा दिवासुद्धा बदलला.

बैठकीच्या खोलीत बाबा शिरले आणि सगळी समिती उठून उभी राहिली. अध्यक्षांनी स्वतःची खुर्ची दिली, बाबांनी नाकारली, त्यांनी पुन्हा दिली, असे बराच वेळ चालले. शेवटी दोघेही साध्या खुर्च्यांवर बसले आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी राहिली. माझे कागद मी प्रत्येकासमोर ठेवले होते, दुपारचे पान मुद्दाम सगळ्यात वर. एकाने त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

बाबा बोलायला उभे राहिले. त्यांनी पठारावर काय पाहिले ते सांगितले. मग पगाराचे मशीन, एक खेप, एक वेळ, सगळे सांगितले. मोजक्या शब्दांत, स्वच्छ. मी ऐकताना मनात म्हणत होते, असे मांडायचे असते. शेवटी ते म्हणाले, "दिवेलागणीचा नियम मी केला कारण माझ्याकडे दुसरी वेळ मोजायचं साधन नव्हतं. तुमच्याकडे आहे. आजपासून दुपारही मोजा, आणि ही लाइन मंजूर करा. पट्टा जाऊ देऊ नका."

मला वाटले, जिंकलो.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते इतरांना म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा. ज्या नियमावर हे खातं उभं आहे, त्याला साहेब नुसती सोय म्हणतात."

"सोयच होती ती," बाबा म्हणाले.

"साहेब, तुम्ही म्हणणारच."

"अहो, मी काय सांगतोय ते ऐका. तो नियम आता चुकीचा आहे."

"ऐकतोय ना साहेब. पण तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की नियमाच्या आड कोणी आलं, अगदी वरचा साहेब आला, तरी हलायचं नाही. आता तुम्ही स्वतः आलात तरी आम्ही हलणार नाही. हीच तुमची शिकवण."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एकाने टेबलावर हात आपटून दाद दिली. बाबा माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना तसे बघताना पूर्वी कधी पाहिले नव्हते. लहान मूल गर्दीत आपले माणूस शोधते तसे.

"साहेब," मी उठले, "मोठे साहेब कौतुक करून घ्यायला आलेले नाहीत. दुपारचं पान एकदा बघा. फक्त बघा."

"मॅडम, आजचा दिवस भावनेचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "आकडे नंतर."

मग त्यांनी ठराव मांडला. दिवेलागणीच्या नियमाला यापुढे 'मोठे साहेब नियम' म्हणावे. एकमताने मंजूर. त्याच दमात पुढचा विषय घेतला. पठाराची लाइन या नियमात बसत नाही, सबब पुन्हा अभ्यास करावा, पट्टा सोडत असल्याचे नगररचना खात्याला कळवावे. तेही एकमताने मंजूर. पहिल्या ठरावाच्या टाळ्या अजून चालू होत्या, त्यातच दुसरा उरकला. मी 'माझा विरोध आहे' म्हणाले, ते लिहून घेणाऱ्याला ऐकू गेले नाही. मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही समितीवर नाही आहात."

नंतर फोटो निघाला. अध्यक्षांनी आपल्या टेबलावरचा पितळी टॉवर मागवला आणि आठवण म्हणून बाबांच्या हातात दिला. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर आमच्या वाट्याला शेवटी एक टॉवर आला, वीतभर उंचीचा.

गाडीत बाबांनी तो मांडीवर धरला होता. येताना वाटेत पट्टा लागतो. नगररचनाचे लोक अजून आले नव्हते, गवत तसेच होते, एका बाल्कनीत एक बाई चादर झटकत होती. बाबांनी विचारले, "दुसरीकडून कुठून नेता येणार नाही?"

"नाही. सगळीकडे घरं आहेत."

"जमिनीखालून?"

"एवढ्या लांब केबलला कोण परवानगी देणार? खर्च कितीतरी जास्त, आणि दिवेलागणीला तीही रिकामीच दिसेल."

मी रागाने गाडी इतकी जोरात चालवली, की एरवी मला त्यांनी झापले असते. त्या दिवशी झापले नाही, आणि त्याने मला जास्तच चीड आली.

घरी आल्यावर आईने दोघांचे चेहरे बघून चहा टाकला. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. "तुझे कागद आण," म्हणाले.

"आता कशाला?"

"आण."

मी पिशवी त्यांच्यासमोर उपडी केली. त्यांनी कागद जुळवले, दुपारचे पान वर घेतले, त्याच्यावर चहाच्या कपाचे गोल डाग पडले होते. पंख्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर पितळी टॉवर ठेवला आणि वाचायला लागले. बोट ठेवून, एकेक ओळ. आकडे, आलेख, खालच्या टिपा, सगळे. पुढचे पान, मग त्याच्या पुढचे. चहा गार झाला. मी समोर बसून होते. त्या टेबलाशी मी शाळेचा अभ्यास केला होता, तेव्हाही ते असे कधी बसले नव्हते.

"ही बेरीज तू दोन पद्धतींनी करून पाहिलीस?"

"हो."

"वारा कमी धरलास?"

"मुद्दाम. कोणी वाढवून सांगितलं म्हणू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि शेवटचे पान वाचून खाली ठेवले. "चिमे, हे नीट मांडलंयस," ते म्हणाले. "यात काही कमी नाही."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षे थांबले होते ते मलाच माहीत. आणि ते आले कधी, तर पट्टा गेल्यावर. मला रडू आले नाही, संताप आला. "हे आधी वाचलं असतंत तर?" मी म्हणाले. "दर वेळी जेवताना सांगत होते ना मी? एकदा तरी कागद मागायचा होतात."

"मागायला हवा होता."

"मांडता येत नाही, मांडता येत नाही. एकच घोकत बसलात."

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी टॉवर उचलला, त्याच्याकडे बघितले आणि पुन्हा कागदावर ठेवला. "आज मला तरी कुठे मांडता आलं?"

बाहेर अंधारून आले होते, शेजारच्या घरांत दिवे लागत होते. बाबा पुन्हा पहिल्या पानावर गेले होते आणि अक्षर दिसत नसल्याने कागद डोळ्यांजवळ नेत होते. मी उठले आणि दिवा लावला.